पेडण्याच्या सड्यावरील विमानतळ

(डिचोली येथे नागरिक व विद्यार्थी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्याच्या नकाशाकडे पाहिले म्हणजे अगदी उत्तरेच्या टोकाला पेडणे तालुका दिसतो. त्याच्या एका अंगाला तेरेखोल नदी आणि तिच्या पलीकडे सिंधुदुर्ग जिल्हा, दुसऱ्या अंगाला शापोरा नदी आणि तिच्या पलीकडे बार्देश. भगवतीचा दसरा आणि कोजागिरीची पुनव, दशावताराची मंडळी, हरमलची मिरची आणि नोकरीनिमित्त मुंबईला गेलेली माणसे, एवढीच या तालुक्याची ओळख बाहेरच्या जगाला दीर्घकाळ होती. ११ डिसेंबर २०२२ रोजी याच तालुक्यातील मोपा येथे पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांच्या हस्ते गोव्याच्या दुसऱ्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ५ जानेवारी २०२३ रोजी हैदराबादहून आलेले पहिले प्रवासी विमान तेथे उतरले आणि नियमित वाहतूक सुरू झाली. गोव्याचे माजी मुख्यमंत्री व देशाचे माजी संरक्षणमंत्री कै. मनोहर पर्रीकर यांच्या स्मरणार्थ या विमानतळास ‘मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ’ असे नाव देण्यात आले आहे.

गोवा हे क्षेत्रफळाने देशातील सर्वांत लहान राज्य. उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंतचे अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. एवढ्याशा प्रदेशाला दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ कशासाठी, असा प्रश्न बाहेरचा मनुष्य साहजिकच विचारतो. आणि खरे सांगावयाचे तर गोव्यातही तो वीस वर्षे विचारला जात होता. त्याचे उत्तर प्रवाशांच्या संख्येत आहे तसेच ते इतिहासातही आहे. पहिला विमानतळ ज्या कारणासाठी बांधला गेला त्यात गोव्याच्या सामान्य माणसाचा विचार फारसा नव्हता, हे ध्यानात घेतल्याखेरीज दुसऱ्याची गरज कळत नाही.

दाबोळी येथील विमानतळ पोर्तुगीज अमदानीत १९५० नंतरच्या दशकात बांधला गेला. भारत स्वतंत्र झाला होता, फ्रेंचांनी पुदुच्चेरी सोडली होती. गोवा सोडण्यास मात्र सालाझारचे सरकार तयार नव्हते. भारत सरकारने आर्थिक निर्बंध लादले. मुरगाव बंदरापासून कॅसल रॉककडे जाणारी रेल्वे वाहतूक १९५५ मध्ये बंद पडली. खुष्कीचा मार्ग असा रोखला गेला तेव्हा लिस्बनशी आणि जगाशी संबंध टिकविण्यासाठी पोर्तुगीजांना आकाशमार्गाचा आधार घ्यावा लागला. मुरगाव तालुक्यातील दाबोळीच्या पठारावर सुमारे २४९ एकर जागेत धावपट्टी तयार करण्यात आली, आणि तत्कालीन गव्हर्नर जनरलच्या नावावरून त्या विमानतळाला ‘बेनार्द गेदिश विमानतळ’ असे नाव मिळाले. त्याच वर्षी, म्हणजे १९५५ मध्ये, ‘त्रांस्पोर्तिश आएरेउश दा इंदिया पोर्तुगेझा’ ही विमान कंपनी स्थापन झाली. तिची विमाने दमण, दीव आणि कराची येथे जात आणि पुढे लिस्बनपर्यंत तिचा पल्ला वाढला. दाबोळीहून कराचीला विमानाने जाता येत होते, पण बेळगावला बैलगाडीनेसुद्धा जाणे दुष्कर होते, ही त्या काळातील विपरीत स्थिती आजच्या विद्यार्थ्यांना सांगूनही खरी वाटणार नाही.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी भारतीय वायुदलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली. धावपट्टी निकामी करणे एवढाच हेतू होता. विमानतळाच्या आवारात त्या वेळी पोर्तुगीजांची दोन मोठी प्रवासी विमाने उभी होती. त्यांना धक्का लागला नाही. त्या रात्री कामगारांनी घाईघाईने धावपट्टीचा काही भाग बुजवून सारखा केला आणि काही अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन ती दोन्ही विमाने अंधारात, दिवे मालवून, समुद्रावरून कराचीकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. साडेचारशे वर्षांच्या सत्तेचा शेवट अशा रीतीने एका धावपट्टीशी जोडला गेला आहे.

मुक्तीनंतर गोव्याचे लष्करी प्रशासक मेजर जनरल कँडेथ यांच्या कारकिर्दीत, एप्रिल १९६२ मध्ये, दाबोळीचा ताबा भारतीय नौदलाच्या हवाई शाखेकडे आला. कोइमतूरजवळील सुलूर येथे असलेला ‘आयएनएस हंसा’ हा नाविक तळ १९६४ मध्ये दाबोळीला हलविण्यात आला. विक्रांत या विमानवाहू नौकेवरील विमानांचा किनाऱ्यावरील आधार म्हणून या तळाचे महत्त्व फार मोठे होते आणि देशाच्या पश्चिम किनाऱ्याच्या संरक्षणाच्या दृष्टीने ते आजही कमी झालेले नाही. १९६६ पासून नागरी विमाने तेथे येऊ लागली. तथापि नागरी विभाग हा नौदलाच्या वास्तूतील एक खोली असावी तसा होता. तळाचे एकूण क्षेत्र सुमारे ६८८ हेक्टर. त्यांपैकी नागरी वाहतुकीच्या वाट्याला आलेले क्षेत्र अवघे १४ हेक्टर. आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळचे चार तास नौदलाच्या सरावासाठी राखून ठेवलेले असत, आणि जी वेळ प्रवासास सर्वांत सोयीची त्याच वेळी नागरी विमानांना थांबावे लागे. यात नौदलाचा दोष नव्हता. घर त्यांचे होते, नागरी प्रवासी हा पाहुणा होता.

१९८३ मध्ये राष्ट्रकुल राष्ट्रप्रमुखांचा विश्रांतीचा कार्यक्रम गोव्यात झाला. त्या वर्षी दाबोळीला देशांतर्गत प्रवाशांसाठी जे टर्मिनल उभे राहिले ते एका वेळी ३५० माणसे सामावण्याइतके होते. त्यानंतर काही वर्षांतच युरोपातून खास पर्यटकांसाठी भाड्याने घेतलेली, म्हणजे चार्टर, विमाने थेट गोव्यात उतरू लागली आणि पर्यटनाचे सारे गणितच बदलले. १९९६ मध्ये बांधलेले आंतरराष्ट्रीय टर्मिनल २५० प्रवाशांचे होते. एकाच मोठ्या विमानातून अडीचशे-तीनशे माणसे उतरतात, तेव्हा हंगामात तेथे काय अवस्था होत असेल याची कल्पना करता येईल. डिसेंबर २०१३ मध्ये दाबोळीला नवे, प्रशस्त, एकत्रित टर्मिनल झाले आणि गर्दीची तीव्रता कमी झाली. पण इमारत मोठी केली तरी धावपट्टी एकच होती आणि तिचे तास वाढत नव्हते. २०१८-१९ या वर्षात दाबोळीहून ८० लाखांहून अधिक प्रवाशांनी ये-जा केली.

उत्तर गोव्यातील रहिवाशाची अडचण याहून निराळी होती. पेडणे, सत्तरी किंवा डिचोली येथून दाबोळीला जावयाचे म्हणजे मांडवी आणि जुवारी या दोन मोठ्या नद्या ओलांडणे आले. जुवारीवर १९८३ पर्यंत पूल नव्हता, फेरीबोट होती. मांडवीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा पुन्हा फेरीबोटींच्या रांगा लागल्या. पुढे दोन्ही नद्यांवर नवे पूल झाले. परंतु पेडण्याच्या माणसाला पहाटेचे विमान गाठावयाचे असेल तर आदल्या रात्रीच वास्कोला मुक्काम करावा लागे, अशी स्थिती फार वर्षे होती. आखातात नोकरीस असलेल्या मुलाला निरोप देण्यासाठी सबंध कुटुंब भाड्याची गाडी करून निघे आणि गाडीचे भाडे ऐकून परत येताना मुकाट्याने बसने येई.

दुसऱ्या विमानतळाच्या कल्पनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २००० मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. त्या निर्णयात एक अट होती, ती अशी की, मोपा सुरू झाल्यावर दाबोळीची नागरी वाहतूक बंद व्हावी. या अटीने दक्षिण गोवा अस्वस्थ झाला. सासष्टी, मुरगाव, केपे येथील हॉटेल व्यावसायिक, टॅक्सीचालक आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली हजारो कुटुंबे यांनी विरोध केला, आणि तो विरोध अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. २०१० मध्ये केंद्राने ती अट मागे घेतली आणि दोन्ही विमानतळ चालू ठेवण्याचे ठरले. आज दोन्ही चालू आहेत. तरीही जून २०२४ मध्ये कतार एअरवेजने आपली सेवा दाबोळीहून मोपाला नेली तेव्हा दक्षिणेतील जुनी चिंता पुन्हा जागी झाली. कोणते विमान कोठे उतरवावयाचे हे कंपन्या ठरवितात. दाबोळीच्या आधारावर पोट भरणाऱ्यांना या उत्तराने समाधान वाटत नाही, याची नोंद घेणे उचित होईल.

आता मोपाकडे वळू. पेडण्याच्या पूर्व भागात जांभ्या दगडाचे उंच, सपाट सडे आहेत. बाहेरून पाहणाऱ्यास हे सडे ओसाड वाटतात. उन्हाळ्यात करड गवत वाळून गेलेले, अधूनमधून काजू, खुरटी झुडपे आणि तापलेला काळपट खडक, एवढेच दृश्य दिसते. लांबच लांब सपाट जमीन, समुद्रापासून बेताचे अंतर आणि जवळून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग, ही विमानतळासाठी आदर्श स्थिती होती. मोपा, कासारवर्णे, चांदेल, उगवे, वारखंड इत्यादी गावांच्या हद्दीतील मिळून २,१०० एकरांहून अधिक जमीन या कामासाठी संपादित झाली. दाबोळीच्या नागरी विभागाच्या १४ हेक्टरांशी, म्हणजे सुमारे ३५ एकरांशी, ही तुलना करून पाहण्यासारखी आहे.

परंतु सडा ओसाड असतो ही समजूत गावकऱ्यांची कधीच नव्हती. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाळ्यातील चार महिन्यांत कोकणपट्टीवर जो मुसळधार पाऊस पडतो तो सड्यावरून सगळाच वाहून जात नाही; बराचसा दगडात मुरतो आणि महिनोन्महिने पायथ्याच्या झऱ्यांतून थोडा थोडा बाहेर पडतो. त्या झऱ्यांवर खालच्या गावांची कुळागरे, माड-पोफळीच्या बागा आणि वायंगणाची शेती उभी असते. विहिरींचे पाणीही त्यावरच टिकते. सड्यावर धनगरांची वस्ती होती, गुरांची चराई होती, काजूच्या हंगामात मिळणारे उत्पन्न होते. अनेकांकडे पिढ्यान्पिढ्या वहिवाट होती, पण कागद नव्हता. नव्या काबिजादीतील जमिनीचा प्रश्न हा असाच गुंतागुंतीचा आहे. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकात पोर्तुगीजांकडे गेल्या. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे प्रदेश त्यांना मिळाले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. पेडणे महाल तर सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ च्या तहान्वये त्यांच्याकडे गेला. रस्ते, शाळा, दवाखाने या गोष्टी या भागात उशिरा पोहोचल्या आणि जमिनीवर कसणाऱ्याचा हक्क तर त्याहून उशिरा. त्यामुळे संपादन झाले तेव्हा ज्याच्या नावावर सातबारासारखा उतारा होता त्याला मोबदला मिळाला, पण जो केवळ वहिवाटीवर जगत होता त्याला आपले म्हणणे पटवून देण्यास फार यातायात करावी लागली. मोबदल्याच्या दरासंबंधीच्या तक्रारी न्यायालयापर्यंत गेल्या.

पर्यावरणाचा प्रश्नही सर्वोच्च न्यायालयात गेला. १३ नोव्हेंबर २०१६ रोजी कोनशिला बसविण्यात आली होती, काम सुरू झाले होते. प्रकल्पाला ऑक्टोबर २०१५ मध्ये जी पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली होती तिला आव्हान देण्यात आले. सड्यावरील ५० हजारांहून अधिक झाडांची तोड, आसपासचे पाणवठे आणि सीमेपलीकडील सह्याद्रीचा संवेदनशील भाग यांची माहिती अर्जात नीट दिलेली नाही, असा आक्षेप होता. २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीने सर्व बाबींचा फेरविचार करावा असा आदेश दिला. काम थांबले. यंत्रे सड्यावर उभी राहिली. फेरविचारानंतर समितीने जादा अटी घातल्या आणि १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठविली. त्या अटी पाळल्या जातात की नाही हे पाहण्याचे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आले. या दहा महिन्यांना केवळ विलंब असे म्हणून चालणार नाही. पाणी, झाडे आणि झरे यांचा हिशेब मांडल्याशिवाय एवढे मोठे काम पुढे जाता कामा नये, हे त्यातून देशभरच्या प्रकल्पांना कळले, आणि त्याचे निमित्त पेडणे तालुका झाला.

धावपट्टीचे डांबर आणि इमारतींचे सिमेंट यांखाली गेलेली जमीन पाणी मुरवीत नाही, हे उघड आहे. म्हणून पावसाचे पाणी गोळा करून साठविण्याची आणि जमिनीत जिरविण्याची व्यवस्था विमानतळाच्या आवारातच करावी लागली. वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा वापरात आणले जाते. त्याशिवाय पायथ्याच्या चांदेल गावी तिळारीच्या कालव्याचे पाणी शुद्ध करणारा प्रकल्प आहे आणि पेडणे तालुक्याच्या मोठ्या भागाची तहान तो भागवितो. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प असून डिचोली तालुक्यातील शेतकऱ्यांनाही त्याचा परिचय आहे. झरे आटले तर कालवा आहे, असे काही जण म्हणतात. पण झऱ्याचे पाणी फुकट आणि दाराशी असते आणि कालवा फुटला की आठवडेच्या आठवडे कोरडा राहतो, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. खालच्या गावांतील विहिरींची पातळी दर उन्हाळ्यात मोजून ती गावकऱ्यांना पंचायतीत वाचून दाखविण्याची पद्धत पडली, तर अनेक शंका बोलण्याऐवजी आकड्यांनी मिटतील किंवा खऱ्या ठरतील.

विमानतळ उभारण्याचे आणि चालविण्याचे काम सार्वजनिक व खाजगी भागीदारीच्या तत्त्वावर जीएमआर कंपनीकडे आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये झालेला करार ४० वर्षांचा असून एकूण महसुलातील ३६.९९ टक्के वाटा राज्य शासनास देण्याचे त्यात ठरले आहे. पहिल्या टप्प्यास सुमारे २,८७० कोटी रुपये खर्च आला. धावपट्टीची लांबी साडेतीन किलोमीटर असून जगातील मोठ्यात मोठी विमाने तीवर उतरू शकतात. आरंभी १४ विमाने उभी करण्याची सोय करण्यात आली. रात्री विमाने मुक्कामास ठेवता येतात. दाबोळीला जागेच्या अभावी ही मोठी अडचण होती. पहिल्या टप्प्यात वर्षाला ४४ लाख प्रवाशांची सोय व्हावी आणि मागणीप्रमाणे वाढवीत ती अखेर ३ कोटी ३० लाखांपर्यंत न्यावी, अशी योजना आहे. पहिल्याच पूर्ण आर्थिक वर्षात, म्हणजे २०२३-२४ मध्ये, प्रवाशांची संख्या ४० लाखांच्या पुढे गेली. नियोजनकारांचा अंदाज इतक्या लवकर खरा ठरणे ही आनंदाची गोष्ट आहे, आणि पुढच्या टप्प्याची घाई करणारीही.

टर्मिनलची इमारत मोठी असली तरी तिच्यातून वाट शोधणे कठीण नाही. भिंतींवर निळ्या-पांढऱ्या आझुलेजू फरशा बसविल्या आहेत, खाद्यपदार्थांची दालने गोव्यातील जुन्या कॅफेची आठवण देणारी आहेत आणि स्थानिक कारागिरांना आपल्या वस्तू मांडण्यासाठी राखीव जागा आहे. प्रवाशाने स्वतःच आपले सामान यंत्रावर सोपविण्याची सोय आहे. विजेसाठी सौर संच बसविला आहे. हे सर्व असले तरी निसर्गाची मर्जी सांभाळावी लागतेच. २२ मे २०२४ रोजी धावपट्टीच्या कडेच्या दिव्यांवर वीज कोसळली आणि दुरुस्ती होईपर्यंत सहा विमाने अन्यत्र वळवावी लागली. पावसाळ्यात ढग खाली उतरून सड्यावरच टेकतात तेव्हाही वैमानिकांना उपकरणांच्या भरवशावर उतरावे लागते. उंचावरच्या विमानतळाची ही जातीची अडचण आहे.

तरुणांना सर्वांत जास्त आस्था असते ती नोकरीची. विमानतळाच्या जोडीला एक कौशल्य प्रशिक्षण केंद्र सुरू करण्यात आले आणि पेडण्यातील मुलामुलींना तेथे प्रवासी सेवा, सामान हाताळणी, माल वाहतूक अशा कामांचे शिक्षण देण्यात आले. हवाई वाहतूक नियंत्रण, तांत्रिक देखभाल, अग्निशमन ही कामे निराळी आहेत. त्यांना विज्ञानाची पदवी, अभियांत्रिकीची पदविका किंवा विशेष प्रमाणपत्र लागते आणि स्पर्धा सबंध देशातून होते. डिचोलीत खाण व्यवसायावर दोन पिढ्या जगल्या. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकमालक, यंत्रचालक आणि बार्जवरील कामगार यांची जी अवस्था झाली ती या सभागृहातील पुष्कळांनी पाहिली आहे. विमानतळ म्हणजे नवी खाण अशा समजुतीने त्याकडे पाहणे योग्य होणार नाही. खाणीत ट्रक असला की काम मिळे. विमानतळावर अर्ज, परीक्षा आणि इंग्रजी-हिंदी संभाषण या पायऱ्या चढाव्या लागतात, आणि त्या चढण्याची तयारी शाळेपासूनच करावी लागते.

टॅक्सीचा प्रश्न मात्र तयारीचा नव्हे, न्यायाचा आहे असे पेडण्यातील टॅक्सीचालकांचे म्हणणे आहे. ज्यांची जमीन गेली त्यांच्या मुलांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. विमानतळ सुरू झाल्यावर आपल्याला आवारात थांबा व स्वतंत्र खिडकी मिळावी म्हणून त्यांनी आंदोलने केली. काही मागण्या मान्य झाल्या, काहींवर चर्चा चालू राहिली. भाड्याचे दर आणि मोबाइलवरून चालणाऱ्या टॅक्सी सेवा यांचा वाद गोव्यात जुनाच आहे. मोपाने त्याला नवी जागा दिली. प्रवाशाला रास्त भाडे हवे आणि चालकाला कर्जाचा हप्ता फेडता यावा, या दोन्ही गोष्टी एकाच दरपत्रकात बसविणे अवघड असले तरी अशक्य नाही.

पेडण्यापासून उत्तरेला थोड्याच अंतरावर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी-परुळे येथे आणखी एक लहान विमानतळ आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्घाटन झाले तेव्हा कोकणच्या जनतेला केवढा आनंद झाला होता! त्याची धावपट्टी अडीच किलोमीटरची. सरकारी साहाय्याच्या ‘उडान’ योजनेखाली मुंबईचे विमान तेथे येऊ लागले. पुढे मोपा सुरू झाला, तेथे विमाने जास्त आणि पर्याय जास्त. सावंतवाडी-वेंगुर्ल्याचा प्रवासीही मोपाकडे वळला. २०२४ मध्ये चिपीची मुंबई सेवा बंद पडली. मोठे झाड लहान झाडाची ऊन-पाणी खाते तसा हा प्रकार झाला. मात्र त्याच वर्षी १८ मार्च रोजी मोपाला आपला तळ करून ‘फ्लाय ९१’ या नव्या कंपनीने सुमारे ७० आसनांच्या पंख्याच्या विमानांनी नियमित सेवा सुरू केली आणि तिच्या पहिल्या मार्गांत सिंधुदुर्ग होते. जळगाव, लक्षद्वीपमधील अगत्ती अशी, मोठ्या कंपन्या ज्यांकडे पाहतही नाहीत ती ठिकाणेही तिने गोव्याला जोडली. मोठ्या विमानतळाच्या आश्रयाने लहान विमानतळ जगतात, हे जर पुढील काही वर्षांत सिद्ध झाले तर चिपीचे दिवस पालटतील.

आता डिचोलीहून मोपाला जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. डिचोलीहून अस्नोडा, थिवी, कोलवाळ या मार्गाने शापोरा ओलांडली की धारगळ लागते. धारगळला महामार्ग सोडून विमानतळाकडे जाणारा सहापदरी उन्नत रस्ता जुलै २०२४ मध्ये खुला झाला असून सुमारे सात किलोमीटरांचे ते अंतर काही मिनिटांत पार होते. पूर्वी हीच वाट गावांतील अरुंद रस्त्यांवरून जात असे आणि त्याचा त्रास प्रवाशांपेक्षा गावकऱ्यांना अधिक होता. धारगळलाच अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे रुग्णालय आहे. त्याचेही उद्घाटन विमानतळाच्याच दिवशी झाले. कदंब महामंडळाच्या विजेवर चालणाऱ्या बसगाड्या पणजी, म्हापसा व मडगाव येथून विमानतळाला जातात.

तिकीट काढताना एक गोष्ट आवर्जून पाहावी. ‘गोवा’ एवढेच वाचून निघू नये. तिकिटावर ‘जीओआय’ अशी अक्षरे असतील तर विमान दाबोळीचे, ‘जीओएक्स’ असतील तर मोपाचे. दोन विमानतळांमधील अंतर सुमारे ६० किलोमीटर आहे आणि चुकीच्या विमानतळावर पोहोचलेल्या प्रवाशासाठी विमान थांबत नाही. देशांतर्गत प्रवासास दोन तास आणि परदेशी प्रवासास तीन तास आधी पोहोचावे, छायाचित्र असलेले ओळखपत्र हाताशी ठेवावे. वृद्ध किंवा आजारी प्रवासी असेल तर चाकाच्या खुर्चीची मागणी विमान कंपनीकडे तिकिटाच्या वेळीच नोंदवावी, आयत्या वेळी धावपळ होते.

मुंबई-पुण्यातील लेकीकडे किंवा आखातातील मुलाकडे निघालेल्या गोमंतकीय घरातील पिशवीत नारळ असतोच. कोणते सामान हाताशी ठेवावे आणि कोणते विमानाच्या पोटात टाकावे याचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून ते कंपनीकडे विचारून घ्यावेत. काजूगर, कोकमची आगळ, हरमलची मिरची नीट बांधून सामानात देण्यास सहसा अडचण येत नाही. सुके खोबरे मात्र तेलकट असल्याने आपोआप तापू शकणाऱ्या पदार्थांत गणले जाते आणि ते तपासणीत काढून ठेवतात. तेव्हा ते घरीच ठेवून निघावे.